चौथं कडवं

नेस्टाचे दोन्ही हात पियानोवर पडले आणि चाळीसेक पुरुषांच्या तोंडचा सूर कोऱ्या मांजरपाटासारखा टर्रकन फाटला. चॅपेलमागच्या खोलीच्या खिडकीत बसलेलं कबूतर फडफडून उडालं. पुढं उभं राहून गाणं चालवणाऱ्या तेगिदचे हात हवेत होते ते तसेच राहिले, दोरीवर वाळत घातलेल्या सदऱ्याच्या बाह्यांसारखे. आणि नेस्टा आपल्याच बोटांकडे बघत बसली, जणू काही ती कुणी दुसरंच तिथं विसरून गेलंय. बोटं चुकली नव्हती. कागदावर काळी चार पट्टी लिहिली होती आणि बोटं काळी चारवरच पडली होती. तीच तर आफत. इतक्या वर्षांत या गाण्याच्या चौथ्या कडव्याला ती बोटं लिहिल्या जागी कधी पडलीच नव्हती.

गाणं दीपगृहाचं, गायनमंडळाचं लाडकं. लग्नात, मयतात, ऑगस्टच्या मेळ्यात, कुठंही गेले तरी कुणीतरी म्हणायचंच, अरे, दीपगृह होऊ द्या. पहिली तीन कडवी नुसत्या गळ्यांवर, पियानो गप्प. चौथ्याला नेस्टानं दोन्ही हातांनी यायचं आणि छप्पर उचलायचं. आता नुसत्या गळ्यांवर गाणारी माणसं म्हणजे हातब्रेक न लावता उतारावर उभी केलेली गाडी. आवाज होत नाही, कळत नाही, पण सरकते. तिसरं कडवं संपेस्तोवर मंडळ अर्धा सूर खाली आलेलं असायचं. चहाबरोबर केक झाला असेल तर अर्ध्याहून थोडं जास्त, आणि एखाद्या सभासदाला पुरून येऊन गायले तर जवळजवळ अख्खा. नेस्टाला ते कळायचं, भांडं न हलवता बाईला दही लागलंय की नाही ते कळतं तसं. मग ती काळी चार सोडून गुपचूप पांढरी पाचवर हात ठेवायची. गडी जिथं उतरले असतील तिथं त्यांच्या पायाखाली जमीन सरकवून द्यायची, आणि गडी छाती काढून गायचे. आमचं मंडळ कधी उतरत नाही, असं ते सगळ्या कार्डिफला सांगत फिरत. तिचा नवरा हावेल, देव त्याचं भलं करो, तोही पबमध्ये टेबलावर मूठ आपटून हेच सांगायचा, आणि नेस्टा शेजारी बसून ग्लासातलं लिंबू चोखायची. सांगायचं काय त्यात? भाजीत मीठ कमी पडलं तर बाई आयत्या वेळी चिमूट टाकते, पानावर बसलेल्यांना उठवून सांगत नाही.

आज मात्र चिमूट राहिली. डोळा लागला म्हणायला सोपं होतं, पण ती झोपली नव्हती. जूनमधल्या मंगळवारची संध्याकाळ, बाहेर अजून लख्ख उजेड, आणि पिवळ्या काचेतून तो उजेड आत येऊन मधल्या सुराच्या रांगेतल्या टकलांवर लोण्यासारखा पसरला होता. दुसऱ्या कडव्यात गडी हलके झाले आणि नेस्टाच्या नाकात ओल्या पाटीचा वास आला. पाटीच्या दगडाची खाण, उत्तरेकडचं तिचं गाव, जिथं छपरं पाटीची, कुंपणं पाटीची, आणि माणूस मेल्यावर उशाला उभी करायची तीही पाटीच. ती नऊ-दहा वर्षांची, हातात बापाच्या चहाचा डबा, धुकं असं की स्वतःचे बूट दिसू नयेत, धुक्यात कुठंतरी खाणकऱ्यांची जेवायची खोपी आणि खोपीतून येणारं गाणं. बायकामाणसाला आत मज्जाव. ती दाराशी उभी राहायची. फटीतून भिंतीवरचा सुरांचा तक्ता दिसायचा, शिडीसारखा, एकावर एक डो रे मी, आणि बाप काठीनं एकेका पायरीला शिवायचा, आणि शिवेल ती पायरी वीस गळ्यांतून निघायची. शाळा तिला लाभली नाही. आई गेली तेव्हा धाकटा भाऊ इडवल चार वर्षांचा, चूल तिच्याकडे आली. पण ती शिडी तिनं फटीतून पाठ केली. धुक्यात चढायची, धुक्यात उतरायची. पायरी दिसत नसे, पायाला लागत असे. आणि आत्ता दीपगृहाच्या तिसऱ्या कडव्यात ती तिथंच उभी होती, डब्यात चहा निवत होता, आणि माणसं किती खाली आली हे मोजायचं तिला सुचलंच नाही. खोपीतली माणसं कधी उतरत नसत. का उतरत असत आणि तिला तेव्हा मोजता येत नव्हतं, कोण जाणे. मग तेगिदनं बोट दाखवलं आणि हात पडले.

"पियानो गेला!" वरच्या सुरातला ग्लिन म्हणाला. "मी सांगत होतो, हीटरजवळ ठेवू नका म्हणून."

"गेल्याच आठवड्यात जुळवून गेलाय माणूस."

"मग त्या माणसाचे कान गेले असतील."

गडी हसले. तेगिद हसला नाही. तिशीतला पोरगा, मंडळाच्या पुढं उभा राहून हात हलवायला लागून त्याला दोन वर्षं झाली होती, आणि या दोन वर्षांत तो एकदाही कुणाला लागेलसं बोलला नव्हता. त्यामुळंच गडी त्याला वचकून असत. तो पियानोजवळ आला.

"नेस्टा आँटी, कुठल्या पट्टीत वाजवलंत?"

"कागदावर काय लिहिलंय?"

"काळी चार."

"मग मी काय पांढरीत वाजवीन?"

तोंडून गेलं आणि जिभेला चटका बसावा तसं तिला झालं. कारण आता चाळीस डोकी हळूहळू हिशेब करत होती. पियानो जुळलेला, नेस्टा लिहिल्या जागी, मग फाटलं कुणाकडून? कुणी कुणाकडे बघेना. आपलंच धोतर सुटलंय की काय असं चारचौघांत माणूस खाली न बघता चाचपतो, तसे सगळे उभे. नेस्टाला वाटलं, एवढंच म्हणावं, अरे, तुम्ही आज नाही उतरलात, तुम्ही कायमच उतरता, आणि त्यात काही बिघडत नाही. पण इतकी वर्षं ज्यांनी छाती काढली त्यांच्या छातीतली हवा एका वाक्यात काढायची?

तेगिदनं गड्यांना चारचारच्या टोळीनं उभं करून तिसरं कडवं म्हणायला लावलं. खर्जाची टोळी आली, इडवल तिच्यात. पांढरे केस, इस्त्रीचा सदरा, कानात मशीन. म्हणून झालं. तेगिद म्हणाला, "पुन्हा." मग म्हणाला, "इडवल अंकल, तुम्ही एकटे म्हणता?"

इडवल एकटा म्हणाला. त्याचा आवाज म्हणजे तळघरात पिंप लोटावं तसा, ऐकण्याआधी पायाला लागतो.

"मशीन चालू आहे ना अंकल?"

"चालू आहे. तुझं सगळं बोलणं ऐकू येतं, तेवढीच त्या मशीनची खोड आहे."

खर्जाची रांग खदखदली. तेगिदनं मान हलवली, कागद गोळा केले आणि म्हणाला, "शनिवारच्या कार्यक्रमानंतर बोलू." एवढंच. पण ते "बोलू" त्यानं इडवलकडे न बघता म्हटलं, आणि ते इडवलला बरोबर ऐकू आलं.

बसमध्ये इडवल नेहमीसारखा पुढच्या बाकावर बसला. तीस वर्षं त्यानं याच शहराच्या बस हाकल्या होत्या, आणि दुसऱ्यानं हाकलेली त्याला सोसत नसे. वळणावर ड्रायव्हरनं ब्रेक दाबला की तो आपला पाय दाबायचा. आज मात्र पाय गप्प होता. खिडकीतून नदी दिसली, नदीकाठी गोऱ्यापान तंगड्या पसरून बसलेली पोरं दिसली. आजूबाजूला सगळे इंग्रजीत बोलत होते, म्हणून ही दोघं आपल्या गावच्या भाषेत मोठ्यानं बोलायला मोकळी होती.

"अगं नेस्टा, तो मला काढणार."

"तुला काढायचं म्हणजे क्रेन लागेल."

"थट्टा नको. मी उतरतो का गं? तू पियानोवर असतेस. तुला कळत असेल."

"तू नाही उतरत. गप बस."

"शपथ?"

"घोड्या, सत्तरी ओलांडलीस आणि शपथा कसल्या मागतोस?"

शपथ घेतली नाही हे त्याच्या ध्यानात आलं की काय, म्हणून नेस्टानं तिरप्या डोळ्यानं पाहिलं. त्याचा हात गुडघ्यावर होता, आणि बोटं दीपगृहाचा ठेका धरत होती. मंगळवार आणि शुक्रवार. बायको सोडून गेली त्यालाही जमाना झाला, मूलबाळ नाही. या माणसाच्या आठवड्यातून तालमीचे दोन दिवस उचलले तर मागं राहतं काय? डबाबंद सूप आणि टीव्ही. तो इस्त्री करायचा ती सुद्धा मंगळवार-शुक्रवारीच. बाकीचे पाच दिवस कसल्याशा करड्या बनियनमध्ये. त्याचं नाव पुसलं तर शनिवारी-रविवारी करत नाही तशी तो मंगळवारीही इस्त्री करणार नाही, आणि मग एका मंगळवारी ती त्याच्या घराची घंटी वाजवत उभी राहील. पुढचं तिनं बघितलं नाही. बस थांबली होती.

त्या आठवड्यात नेस्टाला स्वतःच्या घरात जिने वेगळे वाटले. पायरी असते तिथं पाय ठेवला की पायरी थोडी खाली लागायची. बाजारातल्या आपल्या ठेल्यावर तव्याशी उभी राहून ती मनुका घातलेले गोड केक उलटत होती, भाजलेले साखरेत घोळवत होती, सुनेला दटावत होती, आणि मनात सारखं ते फाटणं ऐकत होती. चिमूट टाकली, टाकली, असं इतकी वर्षं म्हणत आलो. पण ती माया होती, का ताठा? या गड्यांना काय कळतंय, मी आहे म्हणून उभे आहेत, असं पियानोआड बसून हसणारी एक बाई तिच्यात होती, आणि ती बाई आज प्रथम समोर येऊन उभी राहिली होती, एप्रन बांधून, तोंड वाकडं करून. मुलांचंही तेच केलं. थोरला परीक्षेत नापास झाला तेव्हा शाळेनंच चूक केली म्हणून गल्लीभर सांगितलं. धाकट्याचा संसार उसवत होता तेव्हा रोज संध्याकाळी जेवण पोचवून त्याला उसवलेलं दिसू दिलं नाही; दिसलं तेव्हा शिवायला दोराच उरला नव्हता. जो तो जिथं घसरला तिथं ती आधीच चटई घेऊन हजर. आणि इडवल? चार वर्षांचा असताना चर्चच्या भिंतीवरून पडला तेव्हा तिनंच सांगितलं होतं, पडला नाहीस रे, उडी मारलीस. तो जन्मभर सांगत आला, मी लहानपणी भिंतीवरून उडी मारली होती.

"आँटी, चार द्या." गुरुवारी दुपारी ठेल्यापुढं तेगिद उभा.

"गरम हवेत का कालचे हवेत? कालचे मी शिकल्यासवरल्यांसाठी ठेवते."

"गरम." त्यानं तिथंच एक तोडला, फुंकर मारली. मग खाली बघून म्हणाला, "आँटी, मी दोन वर्षं इथं आहे. असं कधी आपटलं नाही. मंडळ खरंच आजवर कधी उतरलं नसेल का?"

"नुसतीच तव्याची वाफ घेणार आहेस, का खाणार आहेस?"

"खातोय." तो हसला आणि मग हसू पुसून टाकलं. "हे बघा, मला इडवल अंकलना दुखवायचं नाही. पण मेळ्यात परीक्षक असतात, त्यांना अर्धा सूर कळतो, आणि अख्ख्या मंडळाची मेहनत जाते. मला वाटतं तेच खाली ओढतात. पण माझं वाटणं मला पुरत नाही. शनिवारी इथल्याच चॅपेलमध्ये आहे कार्यक्रम, परीक्षक नाहीत, आपलेच लोक. तुम्ही लिहिल्या जागी वाजवा. जुळलं, तर अंकल ऑगस्टला मेळ्यात. आपटलं, तर मी स्वतः त्यांच्या घरी जाऊन सांगेन. माझं मत नको, तुमचंही नको. पियानो सांगेल ते."

"आणि पियानो मीच वाजवणार."

"हो. म्हणून मी तो जरा फिरवून ठेवणार आहे. मला पट्ट्या दिसतील असा." हे तो इतक्या हळू बोलला की तिला रागसुद्धा धड आला नाही. "आँटी, मला तुमचा आदर आहे."

"आदर ठेव. चार केकचे पैसे दे."

तो गेला आणि नेस्टाच्या लक्षात आलं, एक बाजू करपली. म्हणजे त्याला सगळं कळलं होतं. बोलला नाही, पण पियानो फिरवणार होता. पोरगा खोटा नव्हता, दुष्ट नव्हता. खरं तर तिला हवा होता तसाच होता, सरळ काठीसारखा, बापाच्या हातातल्या. आणि आता तिला दोनच वाटा होत्या. काळी चारवर हात टाकले तर इडवल गेला. पांढरी पाचवर टाकले तर तेगिदला दिसणार, आणि मग इडवल तर जाईलच, वर सगळं मंडळ आपण इतकी वर्षं कुणाच्या पदराखाली उभे होतो हे कळून मान खाली घालून घरी जाईल. तिनं तवा पुसला. पुन्हा पुसला. सून म्हणाली, "सासूबाई, भोक पडेल." "पडू दे, नवा आणू."

शुक्रवारच्या तालमीत तेगिदनं दीपगृह काढलंच नाही. शनिवारी दुपारी चॅपेलच्या मोठ्या दालनात बाकं भरली. बायकांनी टोप्या घातलेल्या, कुणाच्या तरी पर्समध्ये पेपरमिंटचा कागद चुरचुरत होता. उंच खिडक्यांतून उजेड असा उतरत होता, जणू आत पाणी भरलंय आणि सगळे तळाशी बसलेत. नेस्टाला तसंच वाटत होतं, पाण्याखालचं. पियानो फिरवलेला. काळ्या-पांढऱ्या पट्ट्या तेगिदच्या डोळ्यांसमोर, उघड्या दातांसारख्या. इडवल खर्जाच्या रांगेत शेवटी, दाढी इतकी गुळगुळीत की हनुवटीवर कापलेलं दिसत होतं. तिनं पहिला सूर दिला आणि हात मांडीवर घेतले.

पहिलं कडवं वर होतं, ताठ. दुसऱ्यात दीपगृहाचा दिवा लागतो, तिथं वरचा सूर पातळ होत होत काचेसारखा होतो, आणि त्या काचेमागं नेस्टाला पुन्हा धुकं दिसलं. पण या वेळी ती दाराशी उभी राहिली नाही. कान उघडे ठेवून बसली. तिसरं कडवं. सरकलं. पाव सूर, मग अर्धा, मंगळवारइतकंच, जरासं जास्तच. तेगिदचा डावा हात तिच्याकडे वळला, बोट निघालं. आता.

नेस्टाचे हात मांडीवर होते. तिनं त्यांच्याकडे पाहिलं. ते उठले नाहीत. तिनं उठवले नाहीत. कपड्यांची घडी करून ठेवावी तसे ते तिनं एकावर एक ठेवले.

चौथं कडवं जिथं सुरू व्हायचं तिथं भोक पडलं. चाळीस माणसं श्वास भरून उभी, पाय टाकायला जमीन शोधत, आणि जमीन नाही. तेगिदचं बोट तिच्याकडे रोखलेलं. आणि त्या भोकातून खर्ज निघाला. एकटा. पिंप लोटल्यासारखा. इडवलला पियानो कधी नीट ऐकूच येत नसे. तो आला काय, न आला काय. कडव्याची वेळ झाली, त्यानं तोंड उघडलं. दुसऱ्या ओळीला खर्जाची रांग त्याच्यावर चढली, मग मधला सूर, मग ग्लिन आणि त्याचे सोबती, आणि आधाराशिवाय मंडळ गायला लागलं. तेगिदनं क्षणभर डोळे मिटले आणि हात उचलले.

नेस्टा ऐकत होती. या कडव्यात तिला आजवर बोटांचंच काम असायचं. किती उतरले याच्या मोजमापात कोण उतरवतंय हे तिनं कधी ऐकलंच नव्हतं. आता रिकाम्या हातांनी बसल्यावर लख्ख ऐकू आलं. इडवल. दुसरं कुणी नाही, तिचा इडवलच. जुन्या पलंगावर एक जड माणूस बसला की गादी तिकडं कलते आणि शेजारी निजलेले सगळे झोपेतच त्याच्याकडे सरकतात, तसं तो अख्खं मंडळ स्वतःकडे ओढत होता, ओळीमागून ओळ, केसाकेसानं. पोराचा कान खरा होता. आणि ते तिच्याइतकंच सगळ्यांनाही कळत असणार, कारण कुणी झगडत नव्हतं. ग्लिन, जो जन्मभर आपण काळी चार सोडत नाही म्हणून मिरवत आला, तोही मुकाट्यानं त्याच्यामागं चालला होता. चाळीस माणसं एका बहिऱ्याच्या खांद्याला खांदा लावून खाली उतरत होती आणि एकाचाही सूर दुसऱ्याला खरचटत नव्हता. कागदावर कुठंच लिहिलेली नाही अशी ती पट्टी होती. नेस्टाला वाटलं, आपण कधी चटई घातलीच नसती तर हे आपल्याला आधी ऐकू आलं असतं.

शेवटचा सूर संपला. लोक लगेच टाळ्या वाजवेनात. पेपरमिंटही थांबलं होतं. तेगिद वळला, पण लोकांकडे नाही. वाकून नमस्कार करायच्या निमित्तानं तो पियानोशी आला, उजव्या हाताचं एक बोट पुढं काढलेलं, शेवटचा सूर अजून कानात होता तोवर पट्टीला शिवून बघायला, किती उतरले ते. खर्जाच्या रांगेतून इडवल त्या बोटाकडे बघत होता. त्याचं तोंड अजून उघडंच होतं.

"एकच सूर, आँटी," तेगिद ओठांत म्हणाला.

नेस्टानं पियानोचं झाकण खाली घेतलं आणि त्यावर कोपर टेकवलं. चांगलं वजनदार, ठेल्यावर पीठ मळून मळून झालेलं कोपर.

टाळ्या फुटल्या. तेगिदचं बोट झाकणावर दोनदा वाजलं, दारावर वाजवावं तसं. नेस्टानं दार उघडलं नाही.